झिगझॅगचा टाका : लहान काम, पण गिऱ्हाईक टिकवणारे

रेडीमेड कपड्यांनी शिंपीकामावर घाला घातला, ही तक्रार आम्ही टेलर बांधवांकडून नेहमी ऐकतो. तक्रार खोटी नाही. परंतु रेडीमेड घेणारे गिऱ्हाईकही साडीच्या पिकोसाठी, सैल इलॅस्टिकसाठी, फाटलेल्या जीन्ससाठी दुकानाची पायरी चढतेच. ही सारी कामे झिगझॅग मशीनची आहेत.

सुई डावी-उजवीकडे सरकून नागमोडी टाका घालते, हेच या मशीनचे वैशिष्ट्य. अमेरिकेच्या हेलन ब्लँचर्ड या महिलेने अशा टाक्याच्या मशीनचे पेटंट १८७३ साली घेतले. पिकोपुरतेच हे मशीन वापरणाऱ्यांनी त्याचे इतर उपयोगही पाहावेत.

काठ पक्का करणे : सुई एकदा कापडात व एकदा काठाच्या किंचित बाहेर पडली पाहिजे. मग धागा काठाला गुंडाळला जातो व कापडाचे धागे सुटत नाहीत. इंटरलॉक मशीन नसेल तर आतल्या शिलाईलाही हाच टाका चालतो.

ताणणारे कापड : होजिअरीवर सरळ टाका ताण बसताच तुटतो. झिगझॅगचा तिरपा धागा ताणाबरोबर सरळ होतो, म्हणून टिकतो. येथे बॉलपॉइंट सुई वापरावी. इलॅस्टिक मात्र ताणून धरूनच शिवावे.

ठिगळ व मजबुती : खिशाची टोके, बेल्टचे लूप यांवर अरुंद, दाट झिगझॅग मारला की ती जागा सहसा उसवत नाही. काजही याच टाक्याने होते.

नक्षी : टाका दाट केला की साटीनसारखी भरीव रेघ उमटते. पडदे, उशांचे अभ्रे, मुलांचे फ्रॉक यांवर रंगीत कापडाचे फूल-पान याच रेघेने बसवता येते. रुंदी ३ मिलिमीटर व टाक्याची लांबी अर्धा मिलिमीटर ठेवून पाहावी. वरचे टेन्शन थोडे सैल करावे आणि पातळ कापडाखाली कागद धरावा. शिलाई झाल्यावर कागद फाडून काढता येतो.

मागे आमच्या घरची जॉर्जेटची ओढणी पिकोहून परत आली ती काठाला लाटा घेऊनच. कारागिराने घाईत कापड ओढत मशीन चालवले होते. मजुरी किरकोळ होती, पण घरातील बायका पुन्हा त्या दुकानात गेल्या नाहीत. मागून येणारे ड्रेसचे कामही गेले.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : कापड ओढू नका, मशीनच्या दातांना सरकवू द्या. पातळ कापडाला ११ नंबरची सुई लावा. सरळ टाक्याचा अरुंद फूट बदलल्याशिवाय झिगझॅग सुरू करू नका, सुई फुटावर आपटून मोडते. आधी चाक हाताने फिरवून पाहा. आणि गिऱ्हाइकाच्या कापडाला हात घालण्यापूर्वी त्याच जातीच्या चिंधीवर चार इंच शिवून पाहा. चिंधी फुकट असते, गेलेले गिऱ्हाईक नव्हे.