धावत्या मोटारीतील मैफल

गायनाची मैफल ऐकावयाची असली, म्हणजे मनुष्य शांत जागा शोधतो. दिवाणखान्यात बिछायत अंथरलेली असते, गवयी समोर बसलेला असतो आणि कोणी मोठ्याने बोलू लागलाच, तर शेजारचा त्याला खुणेने गप्प करतो. अशा मैफलीला मोटारीइतकी गैरसोयीची जागा क्वचितच सापडेल. मोटारीचे दालन लहान; त्याच्या भिंती पत्र्याच्या आणि काचेच्या; ऐकणारा मध्यभागी न बसता एका कडेला बसलेला; आणि ते सारे दालनच तासाला ऐंशी किलोमीटर वेगाने धावत असलेले! त्यातही मोटार शर्यतीच्या घाटाची असेल, तर अडचणींत भरच पडते. अशा मोटारीचे टायर रुंद, स्प्रिंगा कडक आणि छत बुटके असते. असे असूनही तिच्यात उत्तम संगीत ऐकता येते. ही किमया कशी साधते, हे जाणून घेण्यासारखे आहे.

यवतमाळहून आर्णी, महागाव या मार्गाने उमरखेडकडे निघालेली अशी एखादी मोटार डोळ्यांपुढे आणावी. आत तंबोऱ्याच्या साथीने गायन चालू आहे. गाडी उभी असताना तंबोऱ्याची प्रत्येक तार स्पष्ट ऐकू येते. गाडी वेग घेऊ लागते, तसतशी टायरांची घरघर वाढते. रस्ता खडबडीत असला, की ती अधिकच जाणवते. पुढे वारा काचांशी झटू लागतो. पावसाळा असेल तर टपावर सरींचा ताशा वाजू लागतो. हे आवाज संगीतावर सारखेच आघात करीत नाहीत. रस्त्याची घरघर मुख्यतः खर्जातील असते. म्हणून तंबोऱ्याचा खर्ज आणि तबलजीचा डग्गा प्रथम तिच्यात बुडतात. वर उरतात ते केवळ तीक्ष्ण स्वर. ऐकणाऱ्याला वाटते, की आवाज कमी पडला. तो बटण पिळून आवाज वाढवितो. परंतु त्यामुळे तीक्ष्ण स्वर अधिकच कानांत टोचू लागतात. आवाज मोठा करणे सोपे. तो खरा ठेवणे कठीण. मोटारीतील ध्वनियोजना करणाऱ्या तज्ज्ञाचा सारा खटाटोप या दुसऱ्या गोष्टीसाठी असतो.

त्याचे काम समजण्यासाठी प्रथम स्पीकरची ओळख करून घेतली पाहिजे. स्पीकरमध्ये कागदाचा किंवा तशाच हलक्या पदार्थाचा एक शंकू असतो. शंकूच्या टोकाशी तारेचे वेटोळे असते व ते चुंबकाच्या फटीत बसविलेले असते. तारेतून विजेचा बदलता प्रवाह गेला, की वेटोळे पुढेमागे हलते. त्याबरोबर शंकू हलतो. शंकू हवेला ढकलतो आणि हवेतील ही थरथर कानापर्यंत येऊन पोचते. आज सर्वत्र वापरात असलेला या रचनेचा स्पीकर १९२५ मध्ये अमेरिकेतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोघांनी सिद्ध केला. तेव्हापासून त्याच्या मूळ रचनेत फारसा बदल झालेला नाही.

परंतु एकच शंकू सर्व स्वर सारख्याच सफाईने काढू शकत नाही. तबलजीजवळ डग्गा आणि तबला अशी दोन वाद्ये असतात, त्याचे कारण हेच. खर्जाचा घुमारा उठविण्यास पुष्कळ हवा हलवावी लागते. म्हणून डग्ग्याचे तोंड मोठे असते. तज्ज्ञही हीच वाट चोखाळतो. खर्जासाठी मोठा स्पीकर, मधल्या स्वरांसाठी मध्यम आणि झांजेच्या किणकिणाटासारख्या बारीक स्वरांसाठी रुपयाच्या नाण्याएवढा लहान स्पीकर, अशी तो वाटणी करतो. सेकंदाला ४० कंपने असलेल्या खर्जस्वराची एक लाट साडेआठ मीटरांहून अधिक लांब असते, म्हणजे मोटारीहूनही लांब! उलट सेकंदाला १०,००० कंपनांच्या स्वराची लाट साडेतीन सेंटिमीटरांचीच. एवढ्या भिन्न पाहुण्यांची सोय एकाच लहानशा घरात लावावयाची असते.

मोठे स्पीकर बहुधा दारांत बसवितात. येथे पहिला पेच उभा राहतो. शंकू पुढे सरतो, तेव्हा त्याच्या समोरची हवा दाबली जाते. पण त्याच क्षणी पाठीमागची हवा विरळ होते. मागची लाट पुढे आली, तर दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात आणि खर्ज नाहीसा होतो. म्हणून दाराच्या आतील पत्र्याची भोके बुजवून, दार एखाद्या पेटीप्रमाणे बंदिस्त करावे लागते. मात्र सर्वच भोके बुजवून भागत नाही. काचेच्या फटीतून शिरलेले पावसाचे पाणी निघून जावे, म्हणून दाराच्या तळाशी छिद्रे ठेवलेली असतात. ती बुजविली तर दार आतून गंजेल. शिवाय दाराचा पातळ पत्रा स्वतःच थरथरू लागतो आणि गाण्यात नसलेला एक खुळखुळाट त्यात मिसळतो. हे टाळण्यासाठी पत्र्यावर जड, चिकट पट्ट्या लावतात. परंतु वेगवान मोटारीला वजन हे ओझे असते. तेव्हा पट्टी सर्वत्र न लावता, पत्रा नेमका कोठे थरथरतो हे शोधून तेवढ्याच जागी ती लावणे, यात तज्ज्ञाचे कसब दिसते.

घरघर आणि प्रतिध्वनी शोषून घेण्याच्या कामी एक परिचित वस्तू मदतीस येते. ती म्हणजे कापूस. यवतमाळ जिल्ह्यातील मुलांना कापसाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. काळ्या जमिनीतील हे पांढरे पीक त्यांनी लहानपणापासून पाहिलेले असते. कापसाचा ढीग रचलेल्या खोलीत बोलले, तर आवाज दबल्यासारखा वाटतो. ध्वनीची लाट तंतूंच्या दाटीत शिरते, हवा तंतूंशी घासते आणि लाटेची शक्ती अत्यल्प उष्णतेच्या रूपाने विरून जाते. जुन्या सुती कापडाचे तंतू मोकळे करून त्यांच्या दाबलेल्या गाद्या बनवितात आणि मोटारीच्या गालिच्याखाली किंवा आतील अस्तरामागे बसवितात. जुना सदरा आयुष्य संपल्यावरही असा उपयोगी पडतो. मात्र खर्जाच्या लांब लाटांपुढे ही पातळ गादी फारशी टिकत नाही. ती बारीक स्वरांनाच आवरते. प्रत्येक उपायाची मर्यादा ओळखणे हाही या विद्येचा एक भाग आहे.

दुसरा पेच याहून सूक्ष्म आहे. आपल्या देशात मोटारीचा चालक उजवीकडे बसतो. उजव्या दारातील स्पीकर त्याच्यापासून सुमारे एक मीटर अंतरावर, तर डावा दीड मीटर अंतरावर असतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. म्हणजे डाव्या स्पीकरचा आवाज उजव्याच्या मागून, एका सेकंदाचे हजार भाग केले असता त्यांतील दीड भाग एवढ्या वेळाने, कानाशी येतो. हा विलंब क्षुल्लक वाटेल. पण कान फार चाणाक्ष असतो. जो आवाज आधी पोचतो, त्याच्या दिशेलाच गाणारा आहे, असे मन मानते. त्यामुळे गवयी समोर न बसता उजव्या दाराला चिकटून बसला आहे, असा भास होतो. दिंडीत झपझप चालणाऱ्या टाळकऱ्याला, मागचे येईपर्यंत जरा थांबावयास सांगतात, त्याप्रमाणे तज्ज्ञ जवळच्या स्पीकरला तेवढाच क्षणांश थांबवून ठेवतो. हे काम आज लहानसे संगणक करतात. मग दोन्ही आवाज एकदम पोचतात आणि गवयी जणू समोरच्या काचेपाशी येऊन बसतो. पण चालकासाठी केलेली ही जुळणी शेजारी बसलेल्याला उलटी पडते! म्हणून दोघांनाही बऱ्यापैकी मानवेल असा मध्य शोधावा लागतो.

याखेरीज काचा ध्वनी परतवितात, बैठका तो गिळतात. त्यामुळे काही स्वर उगाच मोठे, तर काही लुप्त होतात. यासाठी चालकाच्या डोक्याच्या जागी मायक्रोफोन ठेवून प्रत्येक स्वराचे मोजमाप घेतात. जो स्वर फाजील वाढला असेल तो आवरतात. जो दबला असेल तो किंचित उचलतात. शेवटी मात्र यंत्र बाजूला ठेवून जाणकार माणसे तासन्‌तास ऐकत बसतात. कारण मोजमाप चूक दाखविते. पण गाणे मनाला भिडते की नाही, हे कानच सांगतो.

मोटारीत रेडिओ बसविण्याचा प्रघात तसा जुना आहे. १९३० मध्ये अमेरिकेतील गॅल्विन बंधूंनी मोटारीचा रेडिओ बाजारात आणला. परंतु एखाद्या विशिष्ट मोटारीच्या मापाने ध्वनियोजना बेतावी, ही कल्पना रूढ करण्यात अमर बोस यांचा मोठा वाटा आहे. त्यांचे वडील बंगालमधील स्वातंत्र्यलढ्यातून अमेरिकेत गेले होते. अमर यांचा जन्म १९२९ मध्ये फिलाडेल्फिया येथे झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरची मिळकत आटली, तेव्हा शाळेत शिकणारा हा मुलगा लोकांचे रेडिओ दुरुस्त करून संसाराला हातभार लावू लागला. पुढे १९५६ मध्ये, मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रविद्या संस्थेत संशोधन करीत असता, त्यांनी एक चांगला म्हणविला जाणारा संगीतसंच विकत घेतला. कागदावर त्याचे सारे गुण उत्तम होते. पण वाद्यांचा खरा नाद त्यात नव्हता. इतर कोणी निराश होऊन स्वस्थ बसले असते. बोस यांनी या उणिवेचे कारण शोधण्यास आरंभ केला. १९६४ मध्ये त्यांनी आपली कंपनी स्थापन केली आणि १९८३ सालच्या कॅडिलॅक सेव्हिल या मोटारीसाठी, तिच्या काचा, बैठका व दारे ध्यानात घेऊन, खास ध्वनियोजना तयार केली. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रातही आज ही विद्या नांदते आहे. पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार होणारी महिंद्रा कंपनीची ‘बीई ६’ ही विजेवर चालणारी मोटार नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांपुढे आली. तिचा घाट वेगवान मोटारीचा असून तिच्या वरच्या श्रेणीत १६ स्पीकर बसविलेले असतात. विजेच्या मोटारीत इंजिनाची धडधड नसते. म्हणून तिच्यात संगीत सहज खुलेल, असे वाटते. परंतु धडधड गेली, की तिच्याआड लपलेली टायरांची घरघर व वाऱ्याची शीळ उघडी पडते. एक शत्रू हटला, की दुसरा दिसू लागतो.

वैदर्भीय उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात यवतमाळला पारा ४४ अंशांच्या आसपास चढतो, आणि उन्हात बंद करून ठेवलेल्या मोटारीचा अंतर्भाग त्याहून कितीतरी तापतो. तेथे स्पीकरचा डिंक वितळता कामा नये. पावसाळ्यात शंकूने ओल धरता कामा नये. म्हणून कागदाऐवजी कित्येकदा प्लॅस्टिकसारखे पदार्थ वापरतात. नाजूक स्वर काढणाऱ्या वस्तूला अंगाने काटक असावे लागते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या साऱ्या योजनेचा अंतिम धनी मनुष्याचा कान आहे. कानाच्या आत अतिसूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. त्या ध्वनीची वार्ता मेंदूला कळवितात. त्या एकदा नष्ट झाल्या, की पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबल इतका आवाज दिवसाकाठी आठ तासांपर्यंत सहन होतो, असे मानतात. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती अवघी पाव तास उरते. मोटारीच्या लहानशा दालनात प्रबळ स्पीकर ही मर्यादा सहज ओलांडतात. दुसरा धोका रस्त्यावरचा. कापसाच्या दिवसांत रस्त्यांवर भरलेल्या बैलगाड्या असतात, मागून रुग्णवाहिका भोंगा देत असते, वळणावर कोणी हाक मारते. संगीताच्या गदारोळात या हाका बुडाल्या, तर तो आनंद एखाद्याच्या जिवावर बेतेल.

उत्तम ध्वनियोजनेची खरी कसोटी येथेच लागते. जी योजना चांगली असते, तिच्यात आवाज लहान ठेवूनही तंबोऱ्याची तार स्पष्ट ऐकू येते. मग बटण पिळण्याची इच्छाच होत नाही. जी निकृष्ट असते, ती आपली उणीव गोंगाटाने झाकू पाहते. ज्याच्या बोलण्यात अर्थ असतो त्याला ओरडावे लागत नाही. यंत्रांची गोष्टही याहून निराळी नाही.

स्वाध्याय

१. मोटार वेगाने जाऊ लागल्यावर खर्जाचे स्वर प्रथम का ऐकू येईनासे होतात?
२. दाराची सर्व भोके का बुजवीत नाहीत?
३. जवळच्या स्पीकरला क्षणांश थांबवून ठेवण्याचे कारण दिंडीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
४. ‘आवाज मोठा करणे सोपे; तो खरा ठेवणे कठीण’, या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे आपल्या शब्दांत सांगा.