कारवीला लिफ्ट मिळेल का?

आधीच कबूल करते, मी कॉन्व्हेंटवाली. त्यामुळे मराठीतल्या चुका पोटात घाला! 'कारवी' हा शब्दसुद्धा मला आजीकडून कळला. तिचं माहेर मुरबाड तालुक्यातलं. तिथे कारवीच्या काठ्यांचा कूड उभारून, वर शेणमाती लिंपून घराच्या भिंती करत. आमच्या शहाडवरून जाणारा रस्ता मुरबाडमार्गे माळशेज घाटात चढतो. तिथल्या डोंगरउतारांवर ही कारवी. साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते.

उद्या हवा तापली तर ती कुठे जगेल? हे कॉम्प्युटरला विचारता येतं! २००६ मध्ये फिलिप्स, अँडरसन आणि शापिरे यांनी यासाठी 'मॅक्सएंट' ही पद्धत मांडली. यातली एंट्रॉपी थर्मोतली नव्हे, माहितीशास्त्रातली. झाड जिथे सापडलं तिथले अक्षांश-रेखांश द्यायचे, सोबत तापमान आणि पावसाचे नकाशे. प्रोग्राम दोन्हींचं नातं शिकतो. मग २०७० च्या अंदाजित हवामानाचे नकाशे दिले, की तेव्हाच्या सोयीच्या जागा रंगवून दाखवतो. अर्थात, सगळ्या नोंदी रस्त्याकडेच्याच असतील, तर झाडाला रस्ताच आवडतो असं बिचाऱ्याला वाटतं!

पण खरी गोची पुढेच आहे. जागा सोयीची असली, तरी झाड तिथे पोचणार कसं?

हिशोब करू. हवा एक अंशाने तापली, तर पूर्वीचा गारवा गाठायला सुमारे १५० मीटर वर जावं लागतं. उतार ३० अंशांचा धरला, तर चढण ३०० मीटरची (साईन ३० आठवलं ना?). कारवीचं बोंड फुटून बी उडतं, पण पडतं जवळपासच. समजा, एका पिढीत १० मीटर. म्हणजे ३० पिढ्या, गुणिले ८... २४० वर्षं! आणि नकाशा २०७० चा.

कारवी तशी काटक, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही फुलते. पण ज्या वनस्पती फक्त उंच माथ्यांवरच उगवतात, त्यांचं काय? कळसूबाई १६४६ मीटर. त्याच्या वर महाराष्ट्रच नाही!

हे सगळं आजीला सांगितलं. ती म्हणाली, "मग बी वर नेऊन टाकायला काय झालं?" शास्त्रज्ञांत याच प्रश्नावर वाद आहे, कारण नवा पाहुणा तिथल्या झाडांच्या मुळावर उठू शकतो. मॉडेल फक्त पत्ता सांगतं. लिफ्ट द्यायची की नाही, हे मात्र आपल्यालाच ठरवायचंय.