शेठने दवाखाना केला, म्हणजे हिशेब मिटला?

सकाळी तलासरीच्या नाक्यावर उभे राहिले, की माणसांनी खच्चून भरलेल्या जीपा आणि टेम्पो गुजरातच्या दिशेने जाताना दिसतात. उंबरगाव, भिलाड, सरीगाम, वापी, नाहीतर सिल्वासा. कुणी प्लास्टिकच्या मोल्डिंगवर असतो, कुणी पॉवर प्रेसवर, कुणी रसायनाचे ड्रम हलवतो. डहाणूहून लोकल पकडणारे बोईसरला उतरून तारापूर एमआयडीसीत जातात. १९९१च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, त्यामुळे मोठे कारखाने तालुक्यात फारसे आले नाहीत. कामगार मात्र बाहेर जात राहिले. उरलेले चिकूच्या वाड्यांत, चिंचणीच्या डायमेकिंगमध्ये, वीटभट्ट्यांवर राबतात, आणि पावसाळा सरला की वेरावळ-ओख्याच्या बोटींवर खलाशी म्हणून चढतात.

यांतल्या कुणाचा हात मशीनमध्ये गेला, की पाड्यावर एकच वाक्य ऐकू येते: ‘चूक त्याचीच होती, तरी शेठने दवाखाना केला. शेठ चांगला माणूस आहे.’ शेठ चांगला असेलही. पण या वाक्यात दोन गैरसमज आहेत, आणि दोन्ही महागात पडतात.

पहिला गैरसमज चूक कोणाची याचा. कामावरच्या अपघाताची भरपाई चूक कोणाची यावर ठरत नाही. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढे पुरते. लक्ष विचलित झाले, डुलकी लागली, घाईत हात पुढे गेला, तरी मालकाची जबाबदारी सुटत नाही. अपवाद मोजके आहेत: कामगार दारूच्या नशेत होता, त्याने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला किंवा मशीनचे संरक्षक कवच मुद्दाम काढले. मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर हे अपवादही मालकाच्या कामी येत नाहीत. शिवाय कवच कुणी काढले हाही प्रश्न असतोच. उत्पादन वाढावे म्हणून सुपरवायझरनेच ते काढून ठेवले असेल, तर ती कामगाराची मनमानी होत नाही.

चूक न पाहता भरपाई देण्याचा हा नियम १९२३च्या कायद्यापासून आहे. तेव्हा तो कामगार नुकसानभरपाई कायदा होता, २०१०मध्ये कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाला, आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. नाव बदलले, गाभा तोच राहिला.

दुसरा गैरसमज दवाखान्याचा. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचाच असतो, आणि तो भरपाईतून वजा होत नाही. वापीच्या खाजगी हॉस्पिटलचे बिल शेठने भरले, म्हणजे तुटलेल्या अंगठ्याचे पैसे दिले असे होत नाही. ते वेगळे. हात बरा होईपर्यंत कामावर जाता आले नाही, तर पगाराच्या निम्मी रक्कम पंधरवड्याच्या हप्त्याने मिळते.

किती मिळते, याचा हिशेब गुपित नाही. मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराच्या ५० टक्के, कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के, आणि त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. तिशीच्या माणसासाठी तो आकडा २०७.९८ आहे. पगार १२,००० असेल, तर मृत्यूची भरपाई १२,४७,८८० रुपये होते आणि पूर्ण अपंगत्वाची १४,९७,४५६. पगार कितीही असो, हिशेबात तो २०२०पासून १५,००० पर्यंतच धरला जातो. अंगठा गेला तर कायद्याच्या तक्त्याप्रमाणे कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे धरतात, म्हणजे याच माणसाला सुमारे साडेचार लाख. पन्नास हजारांत ‘मिटवून टाकलेल्या’ अंगठ्यांची किंमत यावरून कळावी.

तक्ता मात्र शेवटचा शब्द नाही. १९७५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सुताराच्या खटल्याचा निकाल दिला. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. मालकाचे म्हणणे, तक्त्याप्रमाणे टक्के लावा. न्यायालय म्हणाले, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे नुकसान शंभर टक्के. त्याच निकालाने हेही पक्के केले, की भरपाई अपघाताच्या दिवसापासून देणे लागते, दावा चालवणाऱ्या आयुक्ताने आकडा ठरवल्यापासून नव्हे. डहाणूच्या खलाशाला हे तंतोतंत लागू पडते. दोर ओढणाऱ्याचा पंजा गेला, तर त्याच्याजवळ बसून करायची दुसरी नोकरी कुठे असते? डॉक्टरचे प्रमाणपत्र शरीराचे टक्के सांगते; कमाईचे टक्के त्याच्या धंद्यावरून ठरवून घ्यावे लागतात, आणि वकिलाने तिथे जोर लावायला हवा.

‘आमचे काही कागदच नाहीत’ हा तिसरा गैरसमज. नेमणूकपत्र नाही, हजेरी मुकादमाच्या वहीत, पगार रोख. तरीही दावा चालतो. कामाचा पहिलाच दिवस असला तरी चालतो. कामाला महिनाही झाला नसेल, तर तसेच काम करणाऱ्या दुसऱ्या मजुराची मजुरी धरतात. सोबतच्या कामगाराची साक्ष, गेटवरची नोंद, मुकादमाने मोबाइलवर पाठवलेले पैसे, ‘उद्या लवकर ये’ असा व्हॉट्सॲपवरचा निरोप, सगळे उपयोगी पडते. सर्वांत मोलाचा कागद दवाखान्याचा केसपेपर, आणि नेमका तोच सर्वांत आधी बिघडतो. जखमीला घेऊन आलेला सुपरवायझर किंवा ड्रायव्हर डॉक्टरला सांगतो, ‘घरी पडला.’ शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या वतीने लिहिलेले हे दोन शब्द पुढे वर्षभर खोडता येत नाहीत. म्हणून कासा असो, डहाणू असो की वलसाड, घरच्या कुणीतरी पहिल्याच दिवशी केसपेपर वाचून घ्यावा आणि त्यावर कारखान्याचे नाव, वेळ, मशीन लिहून घ्यावे. कोऱ्या कागदावर अंगठा तर कुणालाच देऊ नये.

दिला असेल तर? भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दच ठरतो. मृत्यूच्या प्रकरणात तर मालकाने विधवेच्या हातात परस्पर पैसे दिले, तरी भरपाई दिली असे मानले जात नाही; ती सक्षम अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या आयुक्ताकडे, जमा करावी लागते. मयताच्या तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम तेवढी वजा होऊ शकते. वीटभट्टीची किंवा बोटीची उचल अंगावर आहे, ती कापून घेतो, हे मुकादमाचे म्हणणेही टिकत नाही. भरपाईवर जप्ती येत नाही आणि तिच्यातून कुठले येणे वळते करता येत नाही. ज्या भागात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणसे लग्नगडी म्हणून सावकाराच्या दारी बांधली गेली, तिथे हे मोठ्याने सांगायला हवे.

आपण ठेकेदाराचे माणूस, कंपनीचे नव्हे, हा समज कंपन्यांनीच जोपासला आहे. कामगाराने मूळ कंपनीकडे भरपाई मागावी. कंपनीने ती ठेकेदाराकडून वसूल करावी की नाही, हे त्या दोघांचे भांडण.

तलासरीसाठी सर्वांत कामाची गोष्ट आता. ‘अपघात गुजरातमध्ये झाला, म्हणजे केसही तिकडेच लढायची’ असे समजून किती जण घरी बसले असतील! कायदा दावेदाराला तीन जागा देतो: अपघात जिथे झाला तिथे, मालकाचे नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथे, किंवा दावेदार स्वतः जिथे राहतो तिथे. उंबरगावच्या प्रेसमध्ये बोटे गेलेला झरीचा किंवा उधव्याचा माणूस आपल्याच जिल्ह्यात दावा टाकू शकतो. मुदत दोन वर्षांची आहे, आणि सबळ कारण असेल तर उशीरही माफ होतो.

जीप उलटून झालेला अपघात ‘कामावरचा’ का? घर ते काम हा प्रवास कामाशी वेळेने आणि जागेने जोडलेला असेल, तर आता तोही मोजला जातो. मराठवाड्यातल्या साखर कारखान्याचा एक रखवालदार २००३मध्ये पहाटेच्या पाळीला मोटरसायकलवरून निघाला आणि वाटेत अपघातात मरण पावला. मुंबई उच्च न्यायालयाने भरपाई नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये ती पुन्हा दिली. बावीस वर्षे लागली, हेही सांगितलेच पाहिजे.

पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर रस्ता वेगळा. तिथे मालकाकडे नव्हे, कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे जायचे. तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या ९० टक्के मिळतात. म्हणून आधी पगाराची चिठ्ठी बघावी. आणि सरकारी मदत ही भरपाई नव्हे. ११ जानेवारी २०२०ला तारापूरच्या रसायन कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा राज्य सरकारने मृतांच्या वारसांना पाच-पाच लाख जाहीर केले. अशा मदतीने मालकाचे देणे कमी होत नाही. पोलिसांत गुन्हा नोंदवला म्हणजे भरपाईचा दावा झाला, असेही नाही. तो वेगळा करावा लागतो.

इथल्या अनेक आदिवासी जोडप्यांचे लग्न विधिवत व्हायला वर्षे जातात. मुले होतात, लग्न राहून जाते. नवरा कामावर दगावला की मालकाचा वकील विचारतो, ‘लग्नाचा दाखला?’ हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना मुळात लागूच नाही. तिथे जमातीची रूढी पाहतात. रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, पाड्यावरच्या जाणत्यांची साक्ष गोळा करावी. मृताच्या विधवा आईचा हक्क तर या वादाने मुळीच अडत नाही.

‘वकिलाला पैसे कुठून आणायचे?’ विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७प्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला, कोणत्याही स्त्रीला, अपंग व्यक्तीला आणि औद्योगिक कामगाराला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. वारली कामगार यात एकदा नव्हे, दोनदा बसतो. डहाणूच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा, किंवा १५१०० हा क्रमांक लावावा. भरपाईतला हिस्सा मागणारा एजंट मध्ये घ्यायचे कारण नाही.

भरपाई महिनाभरात दिली नाही, तर १२ टक्के व्याज लागते, आणि सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही. मालक हायकोर्टात अपील करीन म्हणून धमकावतो, तेव्हा एक तरतूद माहीत असलेली बरी: ठरलेली रक्कम आधी जमा केल्याशिवाय त्याचे अपील दाखलच होत नाही.