जुनी आलिशान गाडी आणि तिची वीज

महाविद्यालयाच्या अंकात मोटारगाडीच्या वायरिंगवर लेख यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ओहमचा नियम आपण पदार्थविज्ञानाच्या वर्गात पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. तोच नियम एखाद्या शेतकऱ्याच्या खिशात हात घालतो तेव्हा त्याला त्याचे नावही ठाऊक नसते. असे एक उदाहरण माझ्या पाहण्यात आले, म्हणून हा प्रपंच.

माझे आजोळ पांढुर्ण्याचे, आणि मावशी दिलेली सौंसरला. हा मुलूख आपल्या वाचकांना फारसा परिचित नसावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीची बातमी तेवढी वर्तमानपत्रात येते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे तिकडे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. मराठी-कानडीच्या या अंकाच्या वाचकांना त्यात काही विशेष वाटू नये! २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर तालुका त्यात आला. कचेऱ्या जवळ आल्या खऱ्या. पण मोठे इस्पितळ आणि मोठ्या गाड्यांचे कारखाने यांसाठी अजूनही नागपूरच गाठावे लागते, म्हणजे पांढुर्ण्याहून सुमारे शंभर किलोमीटर.

संत्र्याचा आंबिया बहार चांगला साधला आणि भावही मिळाला, की या भागात घराला रंग लागतो, नाही तर दारात गाडी येते. अलीकडे जी येते ती पुष्कळदा जुनी, पण आलिशान. बीएमडब्ल्यूची एक्स-१ आपल्या देशात २०१० च्या अखेरीस आली, ऑडीची क्यू-३ २०१२ साली आणि मर्सिडीजची जीएलए २०१४ साली. त्या पहिल्या तुकडीतल्या गाड्या आता तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे जात आहेत. शिवाय दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली मनाई केली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तोच कौल दिला; पुढे त्या नियमात फेरबदल झाले, तरी मधल्या काळात तिथल्या पुष्कळ गाड्या ना-हरकत दाखला घेऊन इतर राज्यांत उतरल्या. नव्या साध्या गाडीच्या पैशात जर्मन गाडी मिळते, मग माणूस मोहात पडणारच. मात्र एक गोष्ट विकणारा सांगत नाही. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही.

या गाड्यांची इंजिने सहसा लवकर दगा देत नाहीत. रडवते ती वीज. जुन्या ॲम्बॅसडरमध्ये दिव्याला एक बटण, बटणाला एक तार, असा सरळ संसार होता. दिवा लागला नाही तर दिवा, फ्यूज, बटण, तार एवढेच पाहायचे. या नव्या गाड्यांत इंजिन, गिअर, ब्रेक, दरवाजे, आसने, एवढेच काय आरसेसुद्धा आपापल्या लहान संगणकाच्या ताब्यात असतात. बोनेटपासून डिक्कीपर्यंत अशी अनेक डबडी पसरलेली असून ती एकमेकांत गुंफलेल्या दोन तारांवरून सारखी बोलत असतात. या बोलण्याच्या पद्धतीला कॅन म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती १९८६ साली जगापुढे मांडली. शांत असताना दोन्ही तारांवर अडीच व्होल्ट. बोलताना एक साडेतीनवर चढते, दुसरी दीडवर उतरते. सारा कारभार एवढ्याशा फरकावर!

आता या डबड्यांना पोटाला लागतात बारा व्होल्ट. इंजिन सुरू होताना दाब थोडा वेळ खाली येतो, तेवढे ती सोसतात. पण तो नऊ-साडेनऊच्या आसपास घुटमळू लागला, की कुणी मध्येच गप्प होते, कुणी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते, आणि उरलेले तक्रार नोंदवतात की अमुक जण उत्तर देत नाही. परिणामी एअरबॅग, ब्रेक, स्टिअरिंग, गिअर असे सगळे इशारेदिवे एकदम पेटतात. मालकाला वाटते, गाडीला सतरा रोग झाले. प्रत्यक्षात रोग एकच असतो, आणि तो बहुधा त्या डबड्यांत नसतो.

माझ्या मामांचे असेच झाले. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आजीला पंधरा दिवसांनी एकदा नागपूरला दाखवायला न्यावे लागे. एस. टी.चा धक्का तिला सोसवत नसे, म्हणून त्यांनी ही गाडी घेतली होती. कोणत्या कंपनीची ते इथे महत्त्वाचे नाही. डिसेंबरच्या थंडीत सकाळी सारे दिवे पेटत, गिअर एकाच जागी अडके, आणि दुपारी गाडी शहाण्यासारखी चाले. एकदा आजी मागच्या आसनावर असताना सावनेरच्या अलीकडे ती रस्त्यातच बंद पडली. शहरातल्या एका गॅरेजने स्कॅनर लावला, त्यावर चौदा दोष निघाले, आणि मुख्य संगणक बदलायचे नव्वद हजार सांगितले. मामांनी मला विचारले, "तू शिकलेला हायेस, सांग बरं मले. काल दुपारी चालत होती, तं आज सकाळी काहून नाई चालत?"

प्रश्न अगदी शास्त्रीय होता. मेलेला संगणक दुपारी जिवंत होत नाही. तापमान आणि ओलावा यांबरोबर बदलणारी गोष्ट म्हणजे जोड. आम्ही गाडी सौंसरला मावशीकडे नेली. तिथे ट्रॅक्टरची वायरिंग करणारे एक मिस्त्री आहेत. त्यांनी स्कॅनरचा कागद घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, पयले अर्थिंग पाहू, मंग कॉम्प्युटरचं बोलू."

या गाडीची बॅटरी डिक्कीत होती. पुष्कळ आलिशान गाड्यांत ती डिक्कीत किंवा आसनाखाली असते. तिचा ऋण टोकाचा जाड पट्टा शेजारीच एका बोल्टने गाडीच्या पत्र्याला जोडलेला असतो, आणि तिथून पुढे गाडीचा सांगाडा हीच परतीची तार. मामांनी सेल्फ मारला, मिस्त्रींनी दाखवले तिथे मी मल्टीमीटर धरला. बॅटरीच्या दोन टोकांत ११.२ व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग एक टोक बॅटरीच्या ऋणावर आणि दुसरे पत्र्यावर. इथे शून्याच्या जवळ आकडा यायला हवा, दोन दशांश व्होल्टपर्यंत चालतो. आला १.६! म्हणजे सगळ्या डबड्यांच्या वाट्याला आले ९.६ व्होल्ट.

ओहमचा नियम लावून पाहा. सेल्फ मारताना साधारण दोनशे अँपिअर वाहतात असे धरू. १.६ ला २०० ने भागले की ०.००८ ओहम येतात. एका ओहमचा सव्वाशेवा भाग! साधा मल्टीमीटर ओहमच्या खुणेवर लावून हा दोष दिसतच नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध त्याहून अधिक असतो. भार चालू असतानाच व्होल्ट मोजावे लागतात. हा मुद्दा ध्यानात न घेतल्यामुळेच अनेक चांगले संगणक भंगारात जातात.

बोल्ट काढला तर त्याखाली तांबूस गंज. तो का आला, तेही पाहिले. छतावरच्या काचेच्या झरोक्याभोवती पन्हळ असते, आणि तिचे पाणी बारीक नळ्यांनी खाली जमिनीवर सोडलेले असते. गाडी बारा महिने कडुनिंबाखाली उभी. त्याचा मोहोर आणि काडीकचरा मागच्या नळीत बसला होता, आणि पावसाचे पाणी डिक्कीच्या तळाशी, जादा चाकाच्या खळग्यात साचत होते. मिस्त्रींनी बॅटरी सोडवून पोलिसकागदाने पत्रा चकाकेपर्यंत घासला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावले, नळी साफ केली. आकडा ०.१ वर आला. मिस्त्रींची मजुरी तीनशे रुपये झाली. आजीच्या नागपूरच्या खेपा पुन्हा सुरू झाल्या.

अर्थिंगच्या खालोखाल अपराधी म्हणजे खुद्द बॅटरी. पूर्ण भरलेली, विसावलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरली, आणि १२ च्या खाली गेली की ती आतून खराब होऊ लागते. थंडीत बॅटरी बंद पडते म्हणून आपण थंडीला दोष देतो, पण तिला मारतो उन्हाळा. पांढुर्ण्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते असा ठोकताळा आहे. उन्हाळ्यात झालेली ही झीज डिसेंबरात उघडी पडते, एवढेच. त्यात या गाड्यांचा वापर कसा? स्टेशन ते शेत, दोन-तीन किलोमीटर. सेल्फने जे खाल्ले ते भरून निघण्याआधीच इंजिन बंद. आणखी एक खोच आहे. यांतल्या अनेक गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर तिची नोंद स्कॅनरने गाडीच्या संगणकात करावी लागते. नाही तर गाडी तिला जुनीच समजून तसेच चार्जिंग देत राहते. जंप देतानाही काळी तार बॅटरीच्या ऋण टोकावर न लावता पत्र्यावर नेमून दिलेल्या ठिकाणी लावावी, कारण त्या टोकावर वीज मोजणारा नाजूक सेन्सर बसवलेला असतो.

गाडी उभी असताना वीज चोरणारे हे तिसरे प्रकरण. कुलूप लावल्यावर सारी डबडी हळूहळू झोपी जातात आणि वीजप्रवाह पन्नास मिलिअँपिअरच्या आत येतो. हिशेब करा: दिवसाला १.२ अँपिअर-तास. सत्तर अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याने निम्मी उतरेल. पण एखादे डबडे जागेच राहिले आणि अर्धा अँपिअर खात बसले, तर हेच काम तीन दिवसांत होते. पहिल्या मालकाने हौसेने बसवलेला कॅमेरा, गाण्याचा ॲम्प्लिफायर, जादा दिवे यांच्या मधूनच कापून जोडलेल्या तारा इथे पहिल्या संशयित. बिनकिल्लीच्या गाडीची चावी गाडीला लागून असलेल्या भिंतीच्या खुंटीवर टांगली, तर काही गाड्या तिच्या चाहुलीने पुन:पुन्हा जाग्या होतात. चावी आतल्या खोलीत ठेवावी.

बाकीचे थोडक्यात. डिक्कीचे झाकण उघडमीट होताना बिजागरीजवळच्या तारा वाकून वाकून तुटतात. मागचा कॅमेरा, नंबरपट्टीचा दिवा, कुलूप असे एकामागून एक बंद पडू लागले, तर तिथली रबरी नळी मागे सारून पाहावी. दरवाजांचेही तसेच. उंदरांबद्दल बागाइतदाराला मी काय सांगणार? त्यांचे दात आयुष्यभर वाढतात आणि झिजवण्यासाठी त्यांना काहीतरी कुरतडावेच लागते. संत्र्याच्या पेट्यांशेजारी गाडी ठेवली, तर ते काहीतरी म्हणजे आपली वायरिंग असते. पिवळ्या जोडण्या एअरबॅगच्या असतात, त्यांना मीटर लावू नये. आणि बॅटरीवरही चालणाऱ्या हायब्रीड गाडीत नारिंगी तारा दिसल्या तर हात मागे घ्यावा, त्यांत जीवघेणा दाब असतो. संत्र्याच्या मुलखात न सोलावी अशी नारिंगी वस्तू हीच!

स्कॅनरला मी नावे ठेवत नाही. पण तो काय सांगतो हे समजून घेतले पाहिजे. पी ०५६२ म्हणजे दाब कमी आहे. 'यू'ने सुरू होणारे आकडे म्हणजे कुणीतरी कुणाचे बोलणे ऐकू येत नाही म्हणतो आहे. यांतून कोणता भाग बदला, हे निघत नाही. एकाच वेळी पुष्कळ 'यू' आकडे निघाले, तर सगळे पुसून टाकावे, बॅटरी पूर्ण भरावी, अर्थिंग तपासावे आणि पुन्हा कोणते उगवतात ते पाहावे.

ज्यांना अशी गाडी घ्यायचीच आहे त्यांनी सकाळी जावे, आणि आपण येईपर्यंत इंजिन सुरू करू नका असे विकणाऱ्याला आधीच सांगावे. बॅटरीचा आकडा सेल्फ मारण्यापूर्वी, मारताना आणि नंतर, असा तिन्ही वेळा पाहावा. डिक्कीतली गादी उचलून खळग्यात हात घालावा, पायाखालच्या गालिच्याचा कोपरा दाबून पाहावा, आणि आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का ते बघावे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागपूरच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा पुष्कळ गाड्या बुडाल्या होत्या. बुडालेली गाडी धुऊनपुसून चकचकीत करता येते, तिच्या जोडण्यांत शिरलेला गंज निघत नाही. शेवटी गाडीला कुलूप लावायला सांगून बॅटरीच्या ऋण तारेवर एकदिश प्रवाह मोजणारा चिमट्याचा मीटर अडकवावा. घरगुती विजेचा साधा चिमटा इथे चालत नाही. विकणारा चहा पाजतोच. तो सावकाश प्यावा, हवा तर दुसराही घ्यावा, तेवढ्यात गाडीतली मंडळी झोपतात. पाऊण तासानेही आकडा अर्ध्या अँपिअरवरून हलला नाही, तर चहाबद्दल आभार मानून स्टेशन गाठावे आणि पांढुर्ण्याची गाडी पकडावी.