रक्त थांबवणाऱ्या प्रथिनाचा माग

१९२६ साली फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबातला रक्तस्रावाचा आनुवंशिक विकार नोंदवला. त्यात कमी पडणारं किंवा बिघडलेलं प्रथिन आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. जखम झाली की ते प्लेटलेट्सना रक्तवाहिनीच्या फाटलेल्या भिंतीशी चिकटवतं.

ते मोजायला प्रतिपिंडं लागतात. शुद्ध केलेलं मानवी प्रथिन सशाला टोचलं की त्याच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. एलायझा चाचणीत ती प्लास्टिकच्या खळग्यांना चिकटवलेली असतात. रुग्णाचा प्लाझ्मा घातला की ती हेच प्रथिन धरून ठेवतात. बाकीचं धुऊन जातं. मग विकर जोडलेलं दुसरं प्रतिपिंड आणि विकरामुळे रंग धरणारा पदार्थ घालतात. रंग जितका गडद, तितकं प्रथिन जास्त.

पण ही चाचणी प्रथिनाची हजेरी सांगते, त्याचं काम नाही. विकाराच्या दुसऱ्या प्रकारात, म्हणजे प्रथिन बिघडलेलं असतं तेव्हा, आकडा जवळपास नीट येऊ शकतो, तरी रक्त लवकर थांबत नाही. म्हणून कार्य तपासणारी चाचणी सोबत हवीच. शिवाय ओ रक्तगटाच्या निरोगी माणसांतही हे प्रथिन सरासरी सुमारे २५ टक्के कमी असतं. हे ध्यानात न घेता अहवाल वाचला, तर धडधाकट माणसाच्या माथी आजार मारला जाऊ शकतो.