महाजालावरील सूचींत नोंद कशी मिळते?

शेतमाल विकणाऱ्या मंडळ्यांनीं आपलें संकेतस्थळ काढण्याची चाल आतां खेडोपाडीं पोहोंचली आहे. स्थळ तयार झालें कीं दुसरा प्रश्न उभा राहतो तो हा कीं, तें लोकांच्या दृष्टीस पडावें कसें? या कामीं जे निरनिराळे मार्ग सुचविले जातात, त्यांपैकीं स्वयंसेवक संपादकांनीं चालविलेल्या सूचींत नोंद करून घेणें हा एक होय. या मार्गाविषयीं आमच्या शेतकरी बंधूंच्या कल्पना बऱ्याच चुकीच्या आहेत, व आमच्याही तशाच होत्या. आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कचेरींत नोंदी उतरून घेण्यांत गेलें. तेव्हां नोंद म्हणजे काय हें आम्हांस कोणी शिकवावयास नको, असा आमचा समज होता. तो भ्रम कसा फिटला हें सांगितल्यास वाचकांचा कांहीं वेळ व कदाचित् कांहीं पैसाही वांचेल, म्हणून हा लेख.

प्रथम सूची म्हणजे काय तें पाहूं. शोधयंत्र हें नांवाप्रमाणें यंत्र आहे. तें आपोआप पानें वाचीत फिरतें. सूची मात्र माणसें तयार करतात. प्रत्येक स्थळ कोणी तरी स्वतः उघडून पाहतो, तें कोणत्या सदरांत बसतें हें ठरवितो, आणि त्याखालीं एकदोन ओळींचें वर्णन लिहितो. या प्रकारांतील सर्वांत नांवाजलेली सूची म्हणजे ‘ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट’. तिलाच लोक ‘डीमॉझ’ म्हणत. सन १९९८ च्या जून महिन्यांत अमेरिकेंत रिच स्क्रेंटा व बॉब ट्रूएल या दोन संगणक-अभियंत्यांनीं ती सुरू केली, व त्याच वर्षीं ती नेटस्केप कंपनीनें आपल्याकडे घेतली. त्या काळीं याहू कंपनीची पगारी माणसांकडून होणारी सूची प्रसिद्ध होती; परंतु स्थळें इतक्या झपाट्यानें वाढूं लागलीं कीं, मोजक्या नोकरांच्यानें तें काम उरकेना. म्हणून ज्यास ज्या विषयाची माहिती त्यानें त्या विषयाचें सदर विनावेतन सांभाळावें, अशी ही योजना निघाली.

या सूचींतील मजकूर कोणासही फुकट वापरण्याची मुभा होती. गूगलनें सन २००० मध्यें आपली सूची याच मजकुरावर उभारली. एका ठिकाणीं नोंद झाली कीं ती अनेक ठिकाणीं उमटे. यामुळेंच तींत शिरण्यासाठीं व्यापाऱ्यांची झुंबड उडे. पुढें तारीख १७ मार्च २०१७ रोजीं ही सूची बंद झाली. त्या वेळीं तींत ३८ लाखांवर स्थळें व १० लाखांवर सदरें होतीं, आणि आरंभापासून ९० हजारांवर संपादकांचा हात तिला लागला होता. ती बंद झाल्यावर तिच्या जुन्या संपादकांनींच ‘कर्ली’ या नांवानें तेंच काम पुढें चालविलें.

आतां आमची हकीकत. आमच्या गांवीं चौदा शेतकऱ्यांनीं मिळून हळदीचें एक मंडळ केलें आहे. तें बेणें विकतें व हळदीची पूडही विकतें. एका सभासदाच्या मुलानें मंडळाचें मराठी स्थळ तयार केलें, आणि लिहिण्याचें काम निवृत्त कारकून म्हणून आमच्याकडे आलें. वर सांगितलेल्या पद्धतीनें चालणाऱ्या एका सूचीकडे आम्हीं अर्ज धाडला. वर्णनाच्या रकान्यांत लिहिलें, ‘भारतांतील सर्वोत्कृष्ट, शंभर टक्के शुद्ध व खात्रीची हळद मिळण्याचें एकमेव ठिकाण. एकवार अवश्य भेट द्या!’ एका अर्जानें भागणार नाहीं या भीतीनें तोच अर्ज शेती, व्यापार व खाद्यपदार्थ अशा तीन सदरांत दिला. एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. नोंद नाहीं कीं उत्तर नाहीं.

आम्हांस राग आला. कचेरींत फेरफाराचा अर्ज आला तर तो नोंदवहींत चढवावा लागतो, संबंधितांस नोटीस द्यावी लागते, हरकतीसाठीं पंधरा दिवस थांबावें लागतें, आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो किंवा कारण देऊन रद्द करतो. अर्जदारास जबाब मागण्याचा हक्क असतो. येथें जबाबच नाहीं, ही कोठली रीत?

इतक्यांत तालुक्याच्या गांवीं एक गृहस्थ भेटला. ‘पांच हजार रुपये द्या, पंधरा दिवसांत नांव चढवून देतों,’ असें तो म्हणाला. मंडळानें वर्गणी काढण्याचें जवळजवळ ठरविलेंही होतें. त्या सालीं कित्येक सभासदांच्या हळदीला काढणीची मजुरी कशीबशी सुटेल इतकाच भाव मिळाला होता, व त्यांच्याच खिशांतून ही रक्कम जावयाची होती. म्हणून पैसे देण्यापूर्वीं सूचीचे नियम तरी एकदां वाचावे असें आम्हीं म्हटलें. जी गोष्ट आरंभीं करावयाची ती शेवटीं केली, हा दोष सर्वस्वीं आमचा.

नियम वाचतांच सर्व उलगडा झाला. पहिली गोष्ट, नोंदीस कसलेंही शुल्क नसतें, व संपादकानें त्यासाठीं पैसे घेणें वर्ज्य आहे. म्हणजे तो गृहस्थ दुसऱ्याच्या शेताचा सातबारा दाखवून विसार घेणाऱ्यांपैकीं होता. दुसरी गोष्ट, आपण धाडतों तो अर्ज नव्हेच; ती केवळ एक सूचना असते. संपादकानें ती अमुक मुदतींत पाहिलीच पाहिजे, किंवा आलेल्या क्रमानें पाहिली पाहिजे, असें बंधन त्याच्यावर नाहीं. सूची ही माहिती शोधणाऱ्या वाचकासाठीं आहे, स्थळाच्या मालकासाठीं नाहीं. तलाठी नोंद घेतो ती आपला हक्क म्हणून. हा संपादक नोंद घेतो ती दुसऱ्याच्या उपयोगाची वाटली तर. हा एक भेद ध्यानांत आला म्हणजे पुढील सर्व नियम आपोआप समजतात.

ते असे. एका स्थळासाठीं सर्वांत योग्य असें एकच सदर शोधावें व तेथेंच सूचना द्यावी. तीच सूचना ठिकठिकाणीं वारंवार दिल्यास ती गाळली जाण्याचा संभव असतो. मराठी स्थळ मराठीच्या शाखेंत सुचवावें, इंग्रजी सदरांत नव्हे. मथळ्यांत संस्थेचें खरें नांव असावें, घोषवाक्य नसावें. वर्णनांत तेथें काय सांपडेल एवढेंच सांगावें. स्वतःची स्तुति, ‘या, पाहा’ असें आर्जव, यांस तेथें जागा नाहीं. अर्धवट राहिलेलें स्थळ, किंवा दुसरीकडून उतरून घेतलेल्या मजकुराचें स्थळ, स्वीकारलें जात नाहीं.

हें वाचून आम्हीं आमचेंच स्थळ परक्याच्या नजरेनें उघडून पाहिलें. बेण्याच्या पानावर ‘मजकूर लवकरच येत आहे’ इतकेंच होतें. हळदीचें चित्र होतें, पण तें आमच्या शेतांतलें नव्हतें. गांवाचें नांव कोठेंच नव्हतें! असल्या कोऱ्या कागदावर शिक्का मारावा असा आमचा हट्ट होता.

मंडळाची बैठक भरली. वर्गणी रद्द झाली, आणि ज्यानें त्यानें आपल्यास ठाऊक असेल तें सांगावें असें ठरलें. कोणती जात कोणाकडे आहे, मे-जून महिन्यांत लागवड कशी करतात, एकरीं सुमारें दहा क्विंटल बेणें कां लागतें, हें लिहून काढलें. एका वृद्ध सभासद बाईंनीं हळद शिजल्याची खूण सांगितली : हळकुंडांत काडी सहज शिरली कीं काहील उतरावी, अधिक शिजविल्यास रंग जातो. वाळविणें व पॉलिश करणें यांचीं आमच्याच खळ्यांतलीं चित्रें घातलीं. दर, पत्ता व भेटण्याची वेळ दिली. मग नवें वर्णन लिहिलें : ‘हळद-उत्पादक शेतकऱ्यांच्या मंडळाचें स्थळ. बेण्याच्या जाती, लागवड, हळद शिजविणें व वाळविणें यांची माहिती. विक्रीचे दर व पत्ता.’ हें एकाच सदरांत सुचविलें आणि आम्ही गप्प बसलों.

नोंद झाली ती नऊ महिन्यांनीं. हळद जमिनींतून निघावयासही तितकेच महिने लागतात. संपादकानें आमच्या वर्णनांतील कांहीं शब्द कमी केले होते, व त्यानें कांहींही बिघडलें नव्हतें.

या नोंदीमुळें गिऱ्हाइकांची रांग लागली असें मात्र कोणी समजूं नये. मध्यंतरीं एका परजिल्ह्यांतील शेतकऱ्यानें बेण्याची चौकशी केली. तो सूचींतून आला असेल असें आम्हांस वाटलें. परंतु विचारल्यावर कळलें कीं, तो शोधयंत्रांतून आला होता, व काडीची खूण वाचून त्याचा विश्वास बसला होता. अर्थात् गिऱ्हाईक आणलें तें नोंदीनें नव्हे, नोंदीसाठीं सुधारलेल्या स्थळानें. शिवाय सूची ही कायमची वस्तु नाहीं. सन २००६ च्या ऑक्टोबरांत यंत्र बिघडल्यामुळें डीमॉझच्या संपादकांचें काम डिसेंबरापर्यंत अडून राहिलें होतें, आणि २०१७ मध्यें तर ती मिटलीच. म्हणून सर्व भिस्त तिच्यावर ठेवूं नये.

शेवटीं एक विनंति. इंग्रजीच्या मानानें अशा सूचींतील मराठी सदरें फारच तोकडीं आहेत. याचें कारण सांभाळणारे हात थोडे, हेंच. संपादक होण्यास पदवी लागत नाहीं. आपल्या माहितीचें एखादें लहान सदर निवडून, तें कां हवें हें लिहावें लागतें, व त्यांत घालण्याजोग्या दोनतीन स्थळांचे मथळे व वर्णनें नमुन्यादाखल द्यावीं लागतात. बी-बियाणें, फळबागा, दुभतीं जनावरें यांची पारख ज्यांना आहे त्यांनीं आठवड्यांतून एक तास दिला तरी पुष्कळ होईल. आम्हींही आमचें नांव धाडलें आहे. उत्तर येईपर्यंत नमुन्याचीं वर्णनें लिहिण्याचा सराव करीत आहों. स्तुतीचा शब्द न घालतां दोन ओळी लिहिणें हें वाटतें तितकें सोपें नाहीं.