शुक्रवारची टेप

२०२५च्या २६ जुलैला मुंबईच्या महापुरास वीस वर्षे पूर्ण झाली, आणि योगायोग असा की त्याच आठवड्यात, ज्या कंपनीच्या दप्तरात माझी सदतीस वर्षे गेली त्या कंपनीने आपल्या मेल-सर्व्हरच्या जुन्या बॅकअप टेपा, संख्येने दोनशे चौदा, एका ठेकेदाराच्या हवाली करून त्यांचा भुगा करविला. ही वार्ता मला लालबागला भारतमाता सिनेमापाशी बसची वाट पाहत असता एका तरुण माजी सहकाऱ्याने सांगितली, आणि तीही शुभवर्तमान सांगावे तशा चेहऱ्याने. "काका, अडगळ गेली एकदाची. त्या खोलीत आता कॉफीचं मशीन बसवलंय." यापुढे मेल कुणाचीही असो, कशाविषयीही असो, दोन वर्षे राहील, बॅकअप तीस दिवस, त्यानंतर सर्व आपोआप नाहीसे होईल, असा नवा दंडक निघाल्याचेही त्याच्याकडूनच कळले. हा दंडक कुणी ठरविला असे मी विचारले, तेव्हा त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "सेटिंगमध्ये तेच होतं."

१९८१ साली बॅलार्ड इस्टेटमधील या जहाज-एजंटांच्या पेढीत मी दप्तरी कारकून म्हणून रुजू झालो. पुढल्या चौदा वर्षांविषयी लिहावे असे फारसे काही नाही: टेलेक्सचे कागद फाडावेत, कार्बनच्या प्रती फायलींत ओवाव्यात, बारनिशीत आवक-जावक नोंदवावी आणि सव्वासहाची गाडी गाठावी. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले, त्यानंतर आमच्याकडेही एक खाते आले. पण साहेबलोकांचा विश्वास कागदावरच असल्याने आलेली प्रत्येक मेल छापून, तिच्यावर 'आवक'चा शिक्का मारून, ती फायलीत लावण्याचा रिवाज तीन वर्षे चालला. १९९८ साली स्वतःचा सर्व्हर आला, १९९९ मध्ये पेढी लोअर परळच्या एका बंद गिरणीच्या आवारात हलली, आणि दप्तराची जबाबदारी ज्याची, सर्व्हरच्या दप्तराचीही त्याचीच, अशा सरळ न्यायाने मला सहा आठवड्यांच्या शिक्षणवर्गाला धाडून 'सिस्टीम' या खात्यात बसविण्यात आले.

मला तंत्र त्या वर्गात शिकायला मिळाले. मुदत ठरविणे मात्र मी मामांकडून शिकलो. गिरगावात फणसवाडीत राहणारे माझे मामा जुन्या कस्टम हाऊसमधील कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून होते, आणि अँडरसनसाहेबाने महसुली हिशेबांच्या नियमपुस्तकात घालून दिलेली अभिलेखांची वर्गवारी त्यांना रामरक्षेइतकी मुखोद्गत होती: अ वर्ग कायम, ब वर्ग तीस वर्षे, क-१ दहा वर्षे, क पाच वर्षे आणि ड एक वर्ष. "कागद किती दिवस ठेवायचा हे कागदाला विचारू नये," असे ते मला म्हणाले होते, "तो मागायला उद्या कोण येणार, त्याला विचारावं. वारसदार येणार असेल तर अ. ऑडिटवाला येणार असेल तर क. कुणीच येणार नसेल तर ड, आणि ड मात्र वेळेवर जाळावा, नाहीतर अ सापडत नाही." पेशवे दप्तरातल्या रुमालांतून १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसाईंनी पंचेचाळीस खंड काढले याचा मला फार अभिमान वाटे, मामांना त्याचे कौतुक होतेच, परंतु ज्या अनाम कारकुनांनी ते रुमाल बांधून वर चिठ्ठ्या लावल्या त्यांचे त्यांना अधिक होते.

१९९८ ते २००९ हा माझ्या नोकरीचा खरा काळ. टेपांच्या फेरपालटाची जी पद्धत जगभर रूढ आहे, तिला आम्ही आजा-बाप-लेक म्हणत असू: सोमवार ते गुरुवार रोज रात्री निघणारी टेप हा लेक, तो पुढल्या आठवड्यात पुसून पुन्हा वापरायचा, शुक्रवारची पूर्ण प्रत हा बाप, तो महिनाभर, महिनाअखेरची टेप हा आजा, तो वर्षभर, आणि मार्चअखेरीस निघणाऱ्या वर्षाच्या टेपेला मी माझ्या अधिकारात पणजोबा केले आणि मामांच्या वर्गवारीप्रमाणे सहसा क-१ मध्ये घातले. शुक्रवारची टेप इमारतीबाहेर गेलीच पाहिजे हा नियम. ती खाकी पाकिटात घालून, पाकिटावर तारीख आणि क्रमांक लिहून, शनिवारी सकाळी मी हॉर्निमन सर्कलजवळच्या एका बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवी आणि आदली घेऊन येई. एकदा पिशवीत डब्यातल्या वालाच्या बिरड्याचा रस सांडून टेपेचे पाकीट पिवळे झाले, तेव्हापासून डबा आणि टेप एका पिशवीत न्यायची नाही असा पोटनियम मी रजिस्टरच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून ठेवला.

या व्यवस्थेत एक मूलभूत चूक होती, आणि ती माझीच असल्याने येथे नमूद करतो. बॅकअप हा यंत्र पडले असता ते उभे करण्यासाठी असतो; पाच वर्षांपूर्वीचे एखादे पत्र शोधून काढणे हे दप्तराचे काम. मी दोन्ही कामे एकाच टेपेच्या गळ्यात बांधली. त्यामुळे कुणा एकाची एक हरवलेली मेल हवी झाली तरी सबंध कंपनीचा सबंध साठा दुसऱ्या रिकाम्या मशीनवर रिस्टोअर करावा लागे, त्यात रात्र जाई, आणि सकाळी ते पत्र मागणारा म्हणे, "राहू द्या, मिळालं, प्रिंट काढून ठेवली होती."

जागेचे दारिद्र्यही त्या काळचेच. आमच्या सर्व्हरच्या आवृत्तीत सबंध साठ्याला सोळा जीबीची मर्यादा होती, म्हणून माणशी वीस एमबीचा कोटा मी ठरविला होता. आणि १ एप्रिल २००४ रोजी जीमेलने फुकटात एक जीबी देऊ केले, तेव्हा आमच्या हिशेबनीसांनी भर बैठकीत मला विचारले की आपण इतका पगार घेऊन वीस एमबी देता, ते फुकटात एक हजार कसे देतात. मी उत्तर दिले नाही. परंतु त्याच हिशेबनीसांनी आपली सारी मेल आपल्या डेस्कटॉपवरील पीएसटी फायलीत भरून ठेवली होती, ती फाईल दोन जीबीच्या वर गेली की बिघडते हे मी लेखी कळविले होते, आणि ती त्याप्रमाणे यथाकाल बिघडली. नियम जाचक झाला म्हणून कागद नष्ट होत नाहीत. ते ज्याच्या त्याच्या टेबलाच्या खणात जाऊन दडतात, आणि तेथे त्यांचा ना बॅकअप असतो ना मुदत.

मग २६ जुलै २००५चा तो मंगळवार. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याच्या वेधशाळेत शंभरसुद्धा नाही, हे दुसऱ्या दिवशी कळले. त्या दुपारी आम्हाला दिसत होते ते एवढेच की पूर्वी जेथे साचेखाते होते त्या तळमजल्यावरील सर्व्हरच्या खोलीत उंबऱ्याखालून पाणी येत आहे आणि यूपीएसच्या बॅटऱ्या जमिनीवर आहेत. त्या उंच चौथऱ्यावर ठेवाव्यात हा माझा अर्ज दोनदा खर्चाच्या कारणावरून परत आला होता. आम्ही तिघांनी सर्व्हर बंद केला, उचलून टेबलावर ठेवला, पाणी टेबलावर आले. रात्री कमरेइतक्या पाण्यातून करी रोडच्या पुलावरून चालत मी लालबागला घरी पोचलो. सोमवार रात्रीची टेप यंत्रातच होती, ती गेली. २२ जुलैची, शुक्रवारची टेप, लॉकरमध्ये कोरडी होती. रविवारी, एका उसन्या मशीनवर, २२ जुलैपर्यंतचा सारा पत्रव्यवहार जिवंत झाला. मधल्या दिवसांची मेल कायमची बुडाली. त्याबद्दल मला कारणे दाखवा नोटीस आली. बॅटऱ्यांच्या अर्जाची नक्कल मी उत्तरासोबत जोडली, आणि तो विषय तेथेच दप्तरदाखल झाला.

संचालकांच्या मनाचे हेलकावे हा या दशकाचा दुसरा अध्याय. एन्रॉनच्या प्रकरणात आर्थर अँडरसन या बड्या हिशेब-तपासनीस कंपनीला कागदपत्रे नष्ट केल्यावरून २००२ साली अमेरिकेत दोषी ठरविले गेले, तेव्हा आमचे एक संचालक घाईघाईने खाली आले आणि म्हणाले, यापुढे काहीही पुसायचे नाही. तो निकाल २००५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने फिरविला, पण ते त्यांना कुणी सांगितले नाही. मग २००९ साली आमच्यावर एका लवादात दावा लागला आणि त्यासाठी २००१च्या हिवाळ्यातली एक मेल हवी झाली. मार्च २००२ची पणजोबा टेप माझ्याकडे होती, क्रमांक, तारीख, पाकीट, सर्व यथास्थित. परंतु ती पहिल्या पिढीची एलटीओ टेप, आणि २००८ मध्ये घेतलेला आमचा ड्राइव्ह चौथ्या पिढीचा. तो मागल्या दोनच पिढ्या वाचतो, पहिलीला ओळखत नाही. जुना ड्राइव्ह भंगारात काढण्याच्या कागदावर सही माझीच होती. टेपेला दहा वर्षांची मुदत देणाऱ्या मला, ती वाचणाऱ्या यंत्रालाही तितकीच मुदत द्यावी हे सुचले नव्हते. नऊ दिवस लॅमिंग्टन रोडची दुकाने पालथी घातल्यावर एका माळ्यावर, जुन्या मॉनिटरांच्या खाली, तसा एक ड्राइव्ह सापडला. मेल निघाली. दोन ओळींची होती, आणि त्या दोन ओळींत विलंबाचा दोष आमचाच असल्याची आमच्याच माणसाची स्वच्छ कबुली होती.

लवाद हरल्यावर तेच संचालक पुन्हा खाली आले. "ठेवलीत कशाला?" एवढेच त्यांनी विचारले. आजचा दोन वर्षांचा दंडक कागदावर २०२५ मध्ये आला असला, तरी तो जन्मला त्या दिवशी.

नव्या लोकांच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही असे नाही. माझ्या टेपांत लोकांची आजारपणे, घटस्फोट, कर्जासाठी केलेल्या विनवण्या हे सर्व होते, आणि त्याची कुणालाही गरज उरली नव्हती. २०२३चा व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा काम संपल्यावर असली माहिती पुसा म्हणतो ते योग्यच आहे. मामा त्याला ड वर्ग म्हणाले असते. परंतु कंपनी कायदा हिशेबाची पुस्तके आठ वर्षे ठेवा म्हणतो, प्राप्तिकराचे नियम निराळी मुदत सांगतात, भाडेपट्टा तर त्याहून दीर्घायुषी असतो. आणि या सर्वांविषयीचा पत्रव्यवहार व वाढदिवसाच्या केकची वर्गणी यांना एकाच दिवशी एकाच मुदतीने मारण्यास कुणाचीही सही लागू नये, हे मला गिळता येत नाही. वर्गवारी करण्यास माणूस लागतो, आणि माणूस महाग आहे.

या ठिकाणी माझे वडील आठवतात. आमच्या कार्यालयापासून दोन फाटके पलीकडे, एका गिरणीच्या साचेखात्यात ते १९८२च्या संपापर्यंत होते. पुढे गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज निघाले तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी आपण हजेरीपटावर होतो याचा दाखला मागण्यात आला. गिरणीच्या उरल्यासुरल्या कचेरीतील गृहस्थाने सांगितले की ते मस्टर आता नाही. कोणत्या वर्गात होते, कोणी रद्द केले, काही नोंद नाही. वडिलांनी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली आणि वरच्या लुगड्याच्या घडीतून तिकीट नंबरचा बिल्ला, लाल पास आणि एक पगाराची पावती काढली. ती इतकी वर्षे कोणी सांगून ठेवली नव्हती.

परवा त्याच तरुणाचा फोन आला. आवाज जरा नरमलेला होता. शिवडीच्या गोदामाच्या भाडेपट्ट्यावरून मालकाशी तंटा उपस्थित झाला आहे, २०११ साली मालकाने मेलवरून काही वाढीव मुदत कबूल केली होती असे जुने लोक म्हणतात, तर काकांना काही आठवते का? टेपा गेल्या, पण टेपांचे रजिस्टर माझ्या कपाटात आहे. निवृत्तीच्या दिवशी ते कुणी मागितले नाही आणि मीही दिले नाही. मी चष्मा लावला, पान काढले आणि त्याला सांगितले: टेप क्रमांक ११७, मार्चअखेर २०१२, वर्ग अ, कायम, तिसरे कपाट, वरून दुसरा कप्पा. "एक मिनिट हं काका," तो म्हणाला, आणि त्याने ते सारे नीट लिहून घेतले.